कालव्याकडचा तुकडा

॥ श्री ॥

जळोची, ता. बारामती
१२ जानेवारी २०२५

ती. रामहरीदादास,
यशोदेचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू दोन शब्दांत बघू म्हणतोस, मागं ट्रॅक्टर सुरू असतो, आणि रेंज गेली म्हणून ठेवून देतोस. कागदावरची बहीण तुला अशी बंद करता यायची नाही.

आलो एकदाचे जळोचीला. दीप्तीला बारामतीच्या कॉलेजात नोकरी लागली, लेक एकटी कशाला राहील, आणि पुण्यात आमचं तरी काय उरलं होतं? यांची घोडेस्वारीची शाळा ज्या जागेत होती ती मालकानं बिल्डरला देऊन टाकली. सगळा जन्म दुसऱ्यांच्या पोरांना घोड्यावर बसायला शिकवण्यात गेला, आणि शेवटी पदरात तीन जनावरं: म्हातारा मोहरा, काळी काजळ आणि काजळची पोर टिकली. मार्चअखेर तिथून हलवायची आहेत. आम्ही तिघं फ्लॅटमध्ये कसेबसे मावलो, घोडी कुठं मावायची?

पणदऱ्याला एक एकर ठरत आली होती. विहीर होती, बाभळी होत्या. यांनी तर तबेला कुठं घालायचा ते काठीनं जमिनीवर आखूनसुद्धा दाखवलं. मग वकिलांनी विचारलं, तुमच्यात शेतकरी कोण? मी ताठ मानेनं सांगितलं, मी, शेतकऱ्याची लेक. ते म्हणाले उतारा दाखवा. दादा, उतारा आणू कुठून? आबा गेल्यावर मी आणि कौसल्याताईनं इंदापूरला कचेरीत जाऊन तुला हक्कसोड करून दिलं, तेव्हाच माझं नाव गेलं की. यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नोकरी. म्हणजे शेतजमीन घ्यायला आम्ही दोघंही नालायक!

सही केल्याचं मला वाईट वाटत नाही हं. कोणती बहीण करत नाही? जिनं केली नाही तिला माहेरी पाणी कसं मिळतं ते आपण नात्यातच बघितलंय. पण वकील म्हणतात, भावानं मनावर घेऊन दहावीस गुंठ्यांना माझं नाव लावलं तर काहीतरी वाट निघेल. मला पीक नको, वाटा नको. घोडी उभी राहतील एवढी जागा हवी. बघशील का? फोनवरचं बघू नको, खरंच बघ.

वहिनीला तिळगूळ पाठवते. तिला नमस्कार, ऋषिराजला आणि सूनबाईला आशीर्वाद. आजवर लावलास तसाच जीव लाव.

तुझी,
यशू

॥ श्री ॥

वस्ती, ता. इंदापूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. यशूस,
रामहरीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन आधी ते उलटंपालटं करून बघत बसला, मग हातात दिलं. तिळगूळ ग्वाड व्हता, पण दोनच वड्या माझ्या वाट्याला आल्या, बाकी तुझ्या वहिनीनं लपवल्या.

दाजींना सांग, घोड्याऐवजी म्हशी पाळल्या असत्या तर आज डेअरीत खुर्ची टाकून बसले असते. रागवू नको, चेष्टा केली.

आता नावाचं. यशे, ते जमायचं न्हाय. तुझं नाव लावलं की कौसल्याताईची पोरं दुसऱ्या दिवशी दारात हुबी. ती काय तुझ्यासारखी घोडं बांधायला जागा मागणार न्हाईत, ती इकायला मागतील. जेवताना ऋषिराजपाशी विषय काढला तर ताट सारून उठला. हल्लीची पोरं. ऊस त्याचा, ठिबक त्याचं, ट्रॅक्टर त्याचा. मी नावाचा मालक.

पण म्हणून काय मी बहिणीला वाऱ्यावर सोडीन व्हय? कालव्याकडचा तुकडा हाय न्हवं, उसाचा खोडवा मोडल्यापास्नं तसाच पडलाय. बांधाला लिंबाची झाडं हायत, सावली हाय, पाणी हाय. आण तुझी घोडी हितं. दाजी जळोचीतनं गाडीवर येतील सकाळचं. कागद न्‌ फिगद कशाला पायजे? बहीण-भावात कधी लिहून देत्यात का? मी हाय तवर तुला कुणी ऊठ म्हणायचं न्हाय.

वहिनी इचारती, घोडं शेण कुठं टाकतं, तिला सारवायला चालंल का. काय सांगू तिला?

दाजींस नमस्कार. चि. दीप्तीस आशीर्वाद. येणंजाणं ठेव, म्हातारपणी तेवढंच बरं वाटतं.

तुझा दादा

॥ श्री ॥

जळोची
३० मार्च २०२५, पाडवा

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज गुढीसमोर हात जोडले तेव्हा पहिलं तुझं नाव घेतलं. तिन्ही जनावरं तुझ्याकडं सुखरूप उतरली. मोहरा ट्रकमधून खाली यायला तयार नव्हता, तर तू स्वतः जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवलास, हे यांनी मला तीनदा सांगितलं.

शाळेचं होतं नव्हतं ते सामान विकून यांनी पत्र्याची शेड घातली. उजाडलं की स्कूटर काढतात आणि दुपारी परत येतात ते शीळ घालत. पुणं सोडल्यापासून हा माणूस भिंतीकडं बघत बसायचा रे. परवा जेवताना म्हणाले, वस्तीवरच्या पोरींना घोड्यावर बसायला शिकवीन, फुकट. मी उठून आत गेले, डोळे पुसले.

एक गोष्ट सांगते, हसू नकोस. दीप्ती म्हणत होती, मामाकडून साधं पाच वर्षांचं तरी लिहून घे. हेही तिच्या बाजूनं. मी दोघांवर असं तोंड टाकलं की शेजारीण डोकावली. माझ्या दादाकडून लिहून घ्यायचं? त्यापेक्षा घोडी विकलेली बरी, असं बोलून गेले. पणदऱ्याची जमीन त्यांनी दुसऱ्याला दिली, तेही एक बरंच झालं, जीव टांगणीला नको.

मनात एवढंच खुपतं, ऋषिराज माझ्याशी बोलला नाही. मी ओट्यावर होते, तो आत्या म्हणून हाक न मारता गाडी काढून गेला. त्याला म्हणावं, आत्या घोडी बांधायला आलीये, वाटणी मागायला नाही.

वहिनी टिकलीला गूळ फार घालते, तिला आवर. तिच्या मायेला माझा नमस्कार, आणि तुझी सावली अशीच असू दे.

यशू

॥ श्री ॥

वस्ती
८ जून २०२५

चि. सौ. यशूस अनेक आशीर्वाद.

चार दिवस पेन हातात घेतोय न्‌ ठेवतोय.

त्या दिवशी पाऊस-वारा झाला तवा काजळ बुजली, दोर तोडून शेजारच्या उसात घुसली. टिकली तिच्या मागं. लागणीचा कवळा ऊस, तुडवून पार चिखल केला. शेजारी चांगला माणूस हाय, पण तोबी किती सोसणार. ऋषिराजनं त्याला भरून दिलं आणि घरात येऊन जे बोलायला लागला ते मला लिहवत न्हाय.

त्याचं म्हणणं, जुलैला त्या तुकड्यात उसाची आडसाली लागण करायची, बेणं ठरवलंय, कारखान्याला नोंद द्यायचीय. पडीक रान ठिवायचं न्‌ त्यात घोडी नाचवायची, हे कुठलं शहाणपण म्हणतो. मी म्हणलं, मी शब्द दिलाय. तर म्हणला, शब्द तुमी दिला, रान मी कसतो. आत्याचा त्यात काय हक्क हाय, तिनं सोडलाय न्हवं सही करून.

यशे, मी उठून गोठ्याकडं गेलो. आता उद्याला त्यानं येगळं घर केलं तर आमा दोघांना भाकरी कोण देणार? या महिन्यात कुठंतरी बघ बाई. दाजींच्या डोळ्याला डोळा देववत न्हाय, ते आले की मी मोटरकडं निघून जातो.

तुझा,
रामहरी

जळोची
१४ जून २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून आम्ही दोघं स्कूटरवरच आहोत. पणदऱ्याला तीन ठिकाणी विचारलं. घोडी म्हटलं की आधी हसतात. आणि खंडानं द्यायचं तर अकरा महिन्यांच्या वर कुणी बोलत नाही, कूळ लागून जमीन जाईल म्हणून भितात. जिथं तिथं बांधापर्यंत ऊस. इथं जळोचीत एक मोकळा प्लॉट मिळत होता, तर आजूबाजूच्या बंगलेवाल्यांनी माश्या होतील म्हणून मालकाला फोन केले. हे म्हणाले, भीमथडीची घोडी एकेकाळी नावाजलेली, आणि आज या भीमथडीत घोड्याला चार पाय टेकायला जागा नाही.

मी तुझ्या पाया पडते. दिवाळीपर्यंत राहू दे. कुंपण पक्कं करतो, शेजाऱ्यांची माफी मी स्वतः येऊन मागते, ऋषिराजच्याही हातापाया पडते. माझा भाचाच आहे तो, लहानपणी माझ्याच मांडीवर झोपायचा. दादा, एकदा त्याला जोरात सांगून तरी बघ. तुझा आवाज कधी काळी अख्ख्या वस्तीला ऐकू जायचा.

उत्तराची वाट बघते.

यशू

वस्ती
२९ जून २०२५

चि. यशूस आशीर्वाद.

सांगून बघितलं. आज सकाळी त्यानं ट्रॅक्टर घातला. शेड काढून पत्रे नीट रचून ठिवलेत, एकबी वाकू दिला न्हाय. घोडी जनावरांच्या गोठ्याम्होरं बांधलीत. वहिनी सकाळपास्नं जेवली न्हाय. लवकर गाडी घेऊन या.

मला काय म्हणायचं ते म्हण.

रामहरी

जळोची
३ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
नमस्कार.

वहिनीचा फोन आला होता, राखीला येतेस ना म्हणून. मी हो-नाही काहीच बोलले नाही, म्हणून लिहिते.

काजळ फलटणकडच्या एका वरातवाल्यानं नेली. फटाक्यांना भिणारी घोडी, आता डीजेपुढं नाचेल. टिकली कुणा शर्यतवाल्याकडं गेली, त्याचा फोन लागत नाही. आईपासून तोडताना दोघीही ओरडत होत्या. हे लांब जाऊन उभे राहिले.

मोहऱ्याला कुणी घेतला नाही. म्हातारं घोडं कोण घेतं? एका गॅरेजवाल्यानं दया येऊन मागच्या बाजूला बांधू दिला. तिथं त्यानं दाणा सोडला. डॉक्टरांनी सुया दिल्या, मग म्हणाले, आता त्याला त्रास देऊ नका. गेला. पुरायचा तर कुठं पुरायचा, आपली म्हणावी अशी जागाच नव्हती. जनावरं उचलणारी गाडी आली आणि पायांना दोर लावून वर ओढला. यांनी मला बघू नको म्हणून सांगितलं, पण मी बघितलं.

हे आता घराबाहेर पडत नाहीत. दीप्ती काही बोलत नाही, मी तुला लिहून घे म्हटलं होतं असंसुद्धा नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दादा, मला तुझा राग आलाय. आयुष्यात पहिल्यांदा आलाय, म्हणून कसा धरायचा तेही कळत नाही. ऋषिराजचा नाही एवढा. तो निदान जे आहे ते तोंडावर बोलला. तू मला नाही म्हणाला असतास तर मी वेळेत दुसरं काही बघितलं असतं, पुण्याजवळ कुणाच्या तरी हवाली केली असती तिघांना. तू ये म्हणालास.

वकील मागं भेटले होते. ते म्हणाले, हक्कसोड रद्द करून मागायचा दावा लावून बघता येईल, वर्षं जातील, पण लढता येईल. यांनी माझ्याकडं बघितलं. मी नको म्हणाले. तुझ्यावरच्या मायेपोटी नको म्हटलं असं समजू नकोस. उद्या दावा जिंकले, नाव लागलं, कालव्याकडचा तुकडा माझा झाला, तर तिथं बांधू काय?

राखी पोस्टानंही पाठवलेली नाही. वहिनीला माझा नमस्कार सांग.

यशोदा