सलग एक तास

२ जून, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून घड्याळ. मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून तिच्या प्लास्टिकच्या विटांचा डबा माळ्यावर पडून होता. दातेरी चाकं, दांडे, सगळं आहे त्यात. लंबक आणि वजन आपण लावायचं. बॅटरी नाही, वीज नाही. लोक घरोघरी का करत नाहीत, याचंच नवल. गावच्या शाळेत दोन वर्षं मधल्या सुट्टीची घंटा मीच द्यायचो. वेळेचं मला उपजत कळतं.

बायकोचं कापड बेतायचं टेबल घेतलं. घरात तेवढीच एक सपाट जागा. तिला शाळेच्या चाळीस गणवेशांची ऑर्डर आहे, पंधरा तारखेची. म्हटलं, बुधवारी टेबल मोकळं. खरं तर मंगळवारीच होईल, पण बढाई नको.

४ जून, मंगळवार
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, डब्यावर लिहिलंय, वय आठ ते बारा. मी म्हटलं, आठ मी केव्हाच ओलांडलं.
सांगाडा उभा राहिला. जरा डावीकडे झुकतो. जमीन उजवीकडे चढी असावी.

५ जून, बुधवार
टिकटिक झाली! अकरा वेळा. मग थांबलं. नवीन आहे, दमणारच.
बायको जमिनीवर बसून कापड कापते आहे. जमिनीवर बसणं पाठीला चांगलं, असं तिला सांगितलं. तिचं उत्तर इथे लिहीत नाही.

६ जून, गुरुवार
सासूबाई राहायला आल्या. लेकीला काजं-बटणं करून देणार. कामातून उसंत मिळाली की टेबलाशेजारच्या खुर्चीत जपमाळ घेऊन बसतात. म्हणाल्या, जावईबापू, हे काय? म्हटलं, घड्याळ. म्हणाल्या, मग सांगा की किती वाजले. म्हटलं, ते अजून सांगत नाही.

८ जून, शनिवार. दुपारी
वजन कमी पडत होतं. पाण्याच्या बाटलीऐवजी बायकोची इस्त्री लटकवली. दांडा पिळला गेला, मधलं चाक उडालं आणि सासूबाईंच्या चहात पडलं. त्यांनी ते चमच्याने काढून पदराला पुसून दिलं. बाई देवमाणूस.
बायको इस्त्री घेऊन गेली. काम रखडण्याचं कारण नोंदवून ठेवतो : इस्त्री मिळत नाही.

९ जून, रविवार
आज वीस वेळा टिकटिक! काटे मात्र उलटे फिरतात. चाक एक जास्त झालंय. बायको म्हणाली, राहू दे उलटंच, माझी मुदत तरी लांबेल.
मग टेबलावरून आमचं दोघांचं वाजलं. मी सरळ देवासमोर जाऊन शब्द दिला : घड्याळ सलग एक तास चालेपर्यंत टेबल सोडणार नाही. बायको आतून ओरडली, देवाने मागितलं होतं का टेबल?

११ जून, मंगळवार
काटे सुलटे केले. टिकटिक पुन्हा अकरावर आली. चढ-उतार व्हायचेच.
बावीस शर्ट कापायचे राहिलेत. जमिनीवर दोन कॉलर वाकड्या कापल्या गेल्या. ऑर्डर हुकली तर शाळा पुढच्या वर्षी दारातसुद्धा उभं करणार नाही, बायको म्हणाली, आणि डोळे पुसले. मलाही वाईट वाटलं. टेबल आत्ता दिलं असतं. पण देवाला दिलेला शब्द. माझा इलाज नाही.

१२ जून, बुधवार. सकाळी ७.४०
साडेसहाला लंबकाला धक्का दिला आणि सारं देवावर सोपवून पूजेला बसलो. मागे टिकटिक सुरू. थांबेना! डोळे उघडायची छाती झाली नाही. साडेसातला उठून पाहतो तर चालूच! तासाभरात काटा सत्तेचाळीस मिनिटं सरकला होता. राहिलेली तेरा मिनिटं किरकोळ.
सासूबाई टेबलाशेजारी खुर्चीत माळ ओढत होत्या. म्हणाल्या, भरला हो तास. डोळे पाणावले माझे. ताबडतोब टेबल रिकामं करून दिलं. पुरुषाने शब्दाला जागावं.
घड्याळ कपाटावर ठेवलं.

१३ जून, गुरुवार
कपाटावर अकरा टिकटिक. कपाट हलतं. खिडकीत ठेवलं. अकरा. वारा लागतो.
ऑफिसात मात्र सगळ्यांना सांगून झालं. रविवारी हेडक्लार्क बघायला येणार आहेत.

१५ जून, शनिवार. संध्याकाळी
चाळीस गणवेश वेळेवर गेले. बायको आठवडाभरानंतर हसली.
टेबल मोकळं होतं, घड्याळ परत तिथे मांडलं. अकरा. सासूबाईंना म्हटलं, पूजेत काही उणं राहिलं असेल का? बुधवारी कसं तासभर चाललं होतं!
त्या म्हणाल्या, एका मण्यामागे लंबकाला एक टिचकी देत होते मी, जावईबापू. दहा माळा झाल्या. पोरीला कापड कापायचं होतं ना.
मग बोटाला लावायला बाम मागितला. आणून दिला.