शिक्क्यावरची मुदत

१४ मार्च

अहो,

नमस्कार. गुडघा कसा आहे? रोज शेकताय ना, की नुसतंच "शेकतो, शेकतो" म्हणताय?

इथे सगळं ठीक. नातू आता पालथा पडतो आणि पडला की स्वतःच घाबरून भोकाड पसरतो. अगदी तुमच्यावर गेलाय! फोनवर बोलायचं तर लेक शेजारीच असते, म्हणून हे पत्र. खालच्या मजल्यावरची नर्स उद्या तिकडे यायला निघतेय, तिच्या हाती देते.

तुमच्या ऑपरेशनला नक्की येते म्हणाले होते. पण तुम्ही तिकिटाचं विचारलंत की मी बाळाचं काहीतरी काढून विषय बदलते, हे लक्षात आलंच असेल.

अहो, मोठा घोळ झालाय. पासपोर्टातल्या व्हिसाच्या स्टिकरवर वर्षभराची मुदत आहे, ती आपण सगळ्यांनी वाचली. जावईबापूंनी तर ती तारीख फ्रिजवर लावून ठेवली. पण ती मुदत नुसती इथे शिरायची. राहायचं किती, ते विमानतळावरच्या शिक्क्यात होतं. तीनच महिने! शिक्का पुसट, कुणी नीट बघितलाच नाही. ती मुदत कधीच उलटून गेली.

वकील म्हणाले, निघताना विमानतळावर पकडतील. सोडतील, पण मग पाच वर्षं परत येऊ देणार नाहीत. लेकीचे कागद अजून अडकलेले, तिलाही तिकडे येता येत नाही.

ती म्हणते, "आई, राहा गं. कुणाला कळतंय?" माझा पासपोर्ट तिने कपाटात घालून कुलूप लावलंय. बेल वाजली की मी बाळाला घेऊन आतल्या खोलीत जाते. खाली बाकावर बसायचे, तेही बंद. माझ्यासारखी बडबडी बाई दिवसभर कुजबुजते, विचार करा! जीव नुसता गुदमरतो हो. रडले तर लेकीला वाटतं, तिच्यावर रुसले.

गेले तर हा पोरगा मला ओळखायचा नाही. राहिले तर ऑपरेशनला नेताना तुमचा हात धरायला कुणी नाही. साध्या इंजेक्शनला डोळे मिटता तुम्ही.

मला ठरवता येत नाही. जन्मभर तुमच्या हुकमांवर फणकारले, आता एकच हुकूम सोडा. लेकीला फोन करून तुमच्या त्या मोठ्या आवाजात सांगा, "तिला पाठव." मी भांडेन, तुमच्या नावाने खडे फोडेन, आणि बॅग भरेन.

नातवाकडे बघून तसं सांगवलं नाही, तर नुसतं गुडघ्याचंच बोला. मी समजेन.

बंद दाराआडून,
तुमचीच