ओल्या चपला

अण्णा, घराचं कर्ज फिटलं. मुदतीच्या कितीतरी आधी फिटलं, आणि मी एकटीनं फेडलं. तुमी असता तर पहिला सवाल केला असता, "पैसे कुठून आणलेस?" आणि दुसरा सवाल तोंडानं न्हाई, हातानं केला असता. तुमाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी समोर कागद ठेवूनच सांगून राहिले. तुमच्यासमोर उभं राहून बोलायची हिंमत मला कधीच झाली न्हाई. आता मारायला तुमी न्हाई म्हणून जीभ सैल सुटलीये, असं म्हणा हवं तर.

तुमी हिंगोलीत हळदीच्या आडतीवर मुनीम होता. दिवसभर हळकुंडांच्या ढिगात हात घालायचे, त्यामुळं किती बी धुतले तरी बोटं पिवळीच. आईला मारलं की तिच्या गालावर ती पिवळी बोटं उठायची. शेजारच्या काकू मुद्दाम विचारायच्या, "काय गं, कुणाच्या हळदीला गेलतीस?" आणि आई हसायची. ते हसणं आठवलं की अजून माझ्या मुठी वळतात. दोन खोल्यांचं ते घर तुमी कर्ज काढून बांधलं आणि त्या दिवसापासून आमाला कोंडलं. "कर्ज फिटंस्तोवर या घरातलं कुत्रं बी हिंडायला जाणार न्हाई," म्हणायचे. शाळेची सहल न्हाई, आईला माहेर न्हाई, बाजाराची पिशवी सोडली तर कुठं जाणं न्हाई. संध्याकाळी घरी आलात की पाणी मागायच्या आधी दारातल्या चपला एकेक उचलून उलट्या करून बघायचे. आपल्याकडची काळी माती, एकदा तळाला चिकटली की चुगली केल्याबिगर राहत न्हाई.

आणि ती महाशिवरात्र. मी सातवीत होते. तुमी आडतीवर गेलात आणि गल्लीतल्या बायका औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघाल्या, तेव्हा आईला कुठून धीर आला कोण जाणे, तिनं माझा हात धरला आणि एसटीत बसली. खिडकीतून बाहेर बघताना ती किती बडबडली होती! तुमी यायच्या आत परत आलो. आईनं दोघींच्या चपला मोरीत नेऊन घासून घासून धुतल्या आणि दारात जागच्या जागी ठेवल्या. मातीचा कण ठेवला न्हाई बिचारीनं. पण चपला ओल्या होत्या, अण्णा. तेवढं तिच्या ध्यानात आलं न्हाई. तुमी हातात घेतली, उलटी केली, अंगठ्यानं दाबली, पाणी टपकलं. "कुठं उलथली होतीस?" एवढंच विचारलं आणि त्याच ओल्या चपलेनं सुरू केलं. तोंडावर, डोक्यावर, पाठीवर. ती कोपरानं डोकं झाकून भिंतीशी बसली आणि तुमी तिचं कोपर ओढून काढून मारून राहिला होता. मी मधे पडले. दरवेळी पडायचे. त्या दिवशी तुमी मला बाजूला भिरकावलं ते उंबऱ्यावर, आणि माझी भुवई फुटली. ती खोक अजून आहे. भुवई तिथं उगवत न्हाई.

मग तुमी गेलात. पुढं माझं लग्न झालं, आणि नवऱ्यानं पहिली थप्पड मारली तेव्हा मी त्याच्या डोक्यात तांब्या हाणला आणि सरळ हिंगोलीची एसटी धरली. लोक म्हणाले, बापावर गेली. जाऊ दे. नोकरी होतीच. तुमचं घर पाडून त्याच जागेवर बँकेचं कर्ज काढून नवं बांधलं. पहिला घण मीच घातला, तो त्या उंबऱ्यावर. गवंडी म्हणाला, "बाई, सरका, लागंल." मी सरकले न्हाई.

आणि ऐका, मी हिंडले. कर्ज अंगावर असताना हिंडले. रोज सकाळी कयाधू नदीच्या पुलापर्यंत पायी जाते आणि चिखलाच्या बुटांनी घरात शिरते. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तर सुटीत घरी पायच ठरत न्हाई. माहूर झालं, कोकण झालं, समुद्र बघून आले. पगाराच्या फरकाची रक्कम आली की ती बँकेत मुद्दलात भरायची आणि डबा बांधून एसटीत बसायचं. बँकेतला साहेब म्हणायचा, "मॅडम, घाई काहून करता? भरा की आरामात." त्याला काय सांगू? घाई आईसाठी होती. दरवेळी तिला म्हणायचे, "चल गं, तुला तर एसटी आता फुकट आहे." दरवेळी ती म्हणायची, "घरावर बोजा आहे पोरी. फिटू दे. मग हिंडू." तुमी जाऊन बी तुमचाच कायदा! तिचे गुडघे दरसाल वाकून राहिले होते. ते पार बसायच्या आधी मला बँक संपवायची होती, बस्स.

काल बँकेनं घराची कागदं परत दिली. मी ती आईच्या मांडीवर टाकली आणि म्हटलं, "फिटलं. ऊठ." ती उठली. नवं लुगडं नेसली. फाटकाशी आली आणि चपला काढून हातात घेतल्या, महाशिवरात्रीनंतर तळाला माती लागू नये म्हणून जन्मभर घेत आली तशा. माझं डोकंच फिरलं. "घाल त्या पायात!" मी ओरडले, आणि तो आवाज तुमचा होता. बराबर तुमचा. आईनं कोपर वर घेऊन डोकं झाकलं, अण्णा. माझ्यासमोर. मी तिथंच फाटकाला धरून मटकन खाली बसले आणि रडले. थोड्या वेळानं तिनंच चपला पायात घातल्या आणि म्हणाली, "चल, गाडी जाईल."

आमी औंढ्याला गेलो. येताना डेपोतल्या चिखलातून ती चालत आली, मुद्दाम, वाट सोडून. घरी आली ती चपला न काढता फरशीवरून थेट भिंतीवरच्या तुमच्या फोटोपर्यंत. मला वाटलं, नमस्कार करते की काय. तिनं एक चप्पल काढली, उलटी केली आणि चिखलाचा तळ तुमच्या तोंडासमोर धरला. "बघा," म्हणाली. "नीट बघा. औंढ्याला गेलते." आणि हाणली. काच फुटली. "ही माझी." पुन्हा हाणली. "ही माझ्या लेकराच्या भुवईची." फोटो खिळ्यावरून खाली आला, तरी तिचा हात थांबेना.

या घडीची मी लहानपणापासून वाट बघत होते. आणि तिनं पुन्हा चप्पल उचलली तेव्हा मी मधे पडले. कशी, काहून, देव जाणे. हात आडवा गेला आणि चप्पल माझ्या मनगटावर बसली. आई धापा टाकत थांबली. "तुला कशापायी पुळका आला गं त्यांचा?" तिनं काच झाडून काढली, माझ्या पायाला लागू नये म्हणून दोनदा झाडली. चपला तशाच, चिखलाच्या, दारात ठेवल्या. मग म्हणाली, "समुद्र किती लांब आहे?"

पुढच्या आठवड्यात निघतोय आमी. हा कागद कुठं टाकायचा न्हाई, तुमाला पत्ता तरी कुठला. मनगट ठणकून राहिलंय. आई आंघोळीला गेली तेव्हा फोटो मी उचलला, अडकलेल्या काचा काढल्या आणि तुमच्या गालावरचा चिखल पदरानं पुसला. फोटो माझ्या पेटीत आहे. आईला सांगितलेलं न्हाई.