चौदाव्या दिवसाचा चेहरा

४ जाने., रवि.
साडेपाचला टोप चढवला. रेऊ त्याला हेडसेट म्हणते. अर्ध्या किलोच्या वर ओझं ज्याच्या नाकावर बसतं, त्यानं त्याला काय म्हणायचं ते त्यानंच ठरवावं. लेक आयर्लंडात, मी पडेगावात, आणि मधे जेमतेम चार फूट. तिचा नुसता चेहरा सोफ्यासमोर तरंगतो. ती बोलते तसे ओठ हलतात, भुवया उडतात. आठवड्यातून तेवढाच अर्धा तास घरात दुसरं माणूस असतं.
तिचा हट्ट, नवा आलाय तो घ्या. चिप नवी, पट्टा दुहेरी, मान दुखणार नाही. मी म्हटलं, बघू. जाता जाता म्हणाली, "बाबा, आता मिशी वाढवा हो. आईला आवडायची."
मिशी आहे की! दिवाळीच्या आधीपासून आहे. सांगणार तेवढ्यात चेहरा गेला. लेकीलाच चष्मा लागला बहुतेक.

५ जाने., सोम.
स्टुडिओ उघडला. एक पासपोर्ट, दोन झेरॉक्स, बाकी दिवसभर छावणीच्या रस्त्याची धूळ. शेजारच्या मोबाईलवाल्या फारुकला नव्या टोपाचं विचारलं. दुबईहून एक आलाय त्याच्याकडं. "काका, अठरा तारीख तक आपके वास्ते रखता. फिर नक्को बोलना मेरेकू." किंमत सांगितली तेव्हा स्टुलावर बसून घेतलं.
संध्याकाळी बिरूभाऊ दूध घालायला आला. त्याच्या बापाची मेंढरं होती, याच्या म्हशी. त्याला किंमत सांगितली.
"तेवढ्यात चार म्हशी येत्यात, दादा. अन् म्हशी दूध बी देत्यात."
"पण म्हशीत रेऊ दिसत नाही ना."
जरा विचार केला त्यानं. "व्हय, ते बी हाय."

७ जाने., बुध.
फारुककडं नवा घालून पाहिला. खरं ते लिहितो. अक्षरं स्वच्छ. जुन्यात बारीक अक्षराच्या कडेला खसखस सांडल्यासारखी दिसते, ती नाही. मागचा पट्टा भार उचलतो, मानेला आराम. उघडतोही चटकन. पण वायर तीच, खिशातली बॅटरी तीच, नाकावरचा वळही तोच. ज्याच्याकडं जुना आहे त्यानं घ्यावा एवढा फरक नाही. चाळीस वर्षं कॅमेरे बदललेल्या माणसाचं मत.
मग फारुक म्हणाला, "पैले अपना चेहरा निकालना पडता इसमें." टोप काढून आरशासारखा समोर धरायचा. डावीकडं बघा, उजवीकडं बघा, हसा, डोळे मिटा. जन्मभर गिऱ्हाइकाला सांगितलं ते आज यंत्रानं मला सांगितलं. नंतर त्यात मीच दिसलो, मिशीसकट, मान हलवणारा.
"ये दिखता सामनेवाले कू. आप नई दिखते काका, ये दिखता."
टोप त्याच्या हातात देऊन तसाच निघालो.
घरी येऊन जुन्यातला माझा चेहरा शोधून काढला. माझी बायको सुमन गेली, तिच्या चौदाव्या दिवशी काढलेला. रेऊ दुसऱ्या दिवशी निघणार होती, मला भेट म्हणून टोप आणलेला, घाईघाईत तिनंच सगळं लावून दिलं. अग्नी मीच दिला होता, त्यामुळं दहाव्याला डोकं, मिशी सगळं उतरवलेलं. गोटा. ओठावर मिशीच्या जागी पांढरी पट्टी. डोळे सुजलेले. ऑगस्टपासून दर रविवारी लेकीसमोर हा बाबा बसतोय. मी विनोद केला की हा मुंडण केलेला हसतो.
आणि ही चूक कुणी करावी? सुतकातला माणूस पासपोर्टच्या फोटोला आला तर मी परत पाठवायचो. "दोन महिन्यांनी या, नाहीतर दहा वर्षं मुंडण मिरवाल." स्वतःच्या वेळी तोंडातून शब्द निघाला नाही.

८ जाने., गुरु.
कामात लक्ष नाही. माझा चेहरा शिळा, मग तिचा?
तिची टिकली. मरून रंगाची, किंचित डावीकडं सरकलेली. मी दर रविवारी मनात म्हणायचो, पोरगी परदेशात राहूनही टिकली लावते, आईचं वळण. तेव्हा हे ध्यानात आलं नाही की टिकली दर रविवारी तेवढीच डावीकडं सरकलेली असते. एका केसाचा फरक नाही. फोटोवाला म्हणे मी!
रेऊ परत गेल्यापासून तिचा खरा चेहरा मी पाहिलेलाच नाही. टोप आल्यापासून साधा व्हिडिओ कॉल बंदच झाला.

११ जाने., रवि.
विचारलं. "रेऊ, तुझा हा चेहरा कधीचा?"
"मागच्या जूनचा."
"बदलला का नाहीस?"
"आई होती तेव्हाचा आहे, बाबा. बदलावासा नाही वाटला."
आवाज भरून आलेला. गाल मात्र कोरडे. या यंत्राला पाणी दाखवता येत नाही. लेक रडतेय हे मी नुसतं ऐकलं. समोर जूनमधली हसरी पोरगी, टिकली लावलेली.
म्हटलं, फोनवर ये, साधं. "आज नको, आवरलेलं नाही." माझ्या मिशीचं सांगितलं तर विश्वास बसेना. म्हणे, "मला वाटायचं तुम्ही नवीन चेहरा काढलाय, आणि अजून दर आठवड्याला सगळं उतरवता. आईसाठी. विचारायची हिंमत झाली नाही."
चार-पाच महिने हे पोटात ठेवलं पोरीनं.

१२ जाने., सोम.
दुपारी डबा तसाच परत आणला. स्वतःवर राग येतोय, आणि राग काढायला घरात कुणी नाही.

१४ जाने., बुध.
संक्रांत. यंदा आपल्याकडं सण नाही. बिरूभाऊच्या घरून तिळगुळाचे लाडू आले, त्याच्या बायकोनं तांब्याभर दूधही जास्त घातलं. "गोड बोला" म्हणायला समोर कुणी नव्हतं, तेव्हा खाऊन टाकले.
स्टुडिओत टायमर लावून स्वतःचा फोटो काढला. काही सुधारलं नाही, ना डाग ना सुरकुत्या. रेऊला धाडला. लगेच उत्तर, "मिशी!!" मग तिचा फोटो आला.
वाळलीय. केस मानेपर्यंत कापलेत. डोळ्यांखाली काळं. टिकली नाही. सवयीनं बोट स्क्रीनवर गेलं, काळं पुसायला. चाळीस वर्षांची खोड. मागं घेतलं.
आणि मागची भिंत पिवळी. लेक-जावयाच्या घराला पिवळी भिंत नव्हती, मी ते घर व्हिडिओवर खोली खोली पाहिलंय. फोटोत माणसाच्या आधी मागचा पडदा बघायचा, ही माझी सवय.
लिहिलं, "भिंत कुणाची?"

१५ जाने., गुरु.
सकाळी तिचा फोन, साधा, नुसता आवाज.
"मी वेगळी राहते, बाबा. नोव्हेंबरपासून. एक खोली घेतलीय."
जावयाचं नाव तिनं घेतलं नाही, मीही नाही. विचारलं, एवढे दिवस सांगितलं का नाहीस?
"दर रविवारी ठरवून बसायचे. तुम्ही समोर यायचात. डोकं उतरवलेलं, डोळे सुजलेले. वाटायचं, या माणसाला आणखी काय सांगू."
म्हणजे मी मिशीला पीळ देत, तिला हसवत बसलो होतो, आणि तिच्यासमोर एक खचलेला म्हातारा. त्यानं माझ्या लेकीचं तोंड बंद केलं. तोही मीच.
फोन ठेवल्यावर सुमनच्या फोटोला सगळं सांगितलं. मोठ्यानं. मग रडलो. दुकान उघडलं नाही.

१८ जाने., रवि.
आज फारुकची मुदत. त्याला म्हटलं, उद्या सकाळपर्यंत थांब. "काका, तुमच्यासाठी उद्यापर्यंत, बस." मराठीत बोलला म्हणजे वैतागलाय.
साडेपाचला फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. रेऊ आली. पिवळी भिंत, ओले केस, खांद्यावर टॉवेल. मग म्हणाली, कांदा चिरते, तुम्ही बसा. मी बसलो. फोन तिनं कुठंतरी खाली ठेवला होता, अर्धा वेळ कोपर दिसत होतं. बरं वाटलं. पण ते चार फूट गेले. वीतभर काचेत लेक फार लांब दिसते.
तिलाही तेच वाटलं असावं. "बाबा, नवा घ्यायचा का मग? त्यात तुम्ही शेजारी बसल्यासारखे वाटता हो. इथं संध्याकाळी फार सुनं वाटतं." मग म्हणाली, "मीही नवीन चेहरा काढते. हसून काढते."
"तेच नको," म्हणालो मी.
"मग कसा काढू?"
मलाही तिच्यासमोर रडका बसायचं नाही, आणि पुन्हा महिनोन्‌महिने तिचं एकच हसू बघायचं नाही. सांगतो म्हटलं. ती हो म्हणाली आणि नाक पुसलं. कांद्यानं म्हणे.
उद्या फारुकला उत्तर द्यायचंय. चेहरा काढावा लागला तर म्हणून आत्ता दाढी करून ठेवली. मिशीला हात लावला नाही.