कस्तुरी उंदरांचं खातं

उइटहॉर्न
६ एप्रिल २०१४

ती. स्व. दादास,
पद्मजाचा सा. न. वि. वि.

व्हॉट्सॲपवर भांडण रंगात आलं की माणसं अंगठा दाखवून पळून जातात, म्हणून तू ते घेत नाहीस. तेव्हा ही बातमी पोस्टाने. मला नोकरी लागली, तीही सरकारी. आता खुर्चीत बस आणि पुढचं वाच.

इथे डच लोकांत पाण्याचं एक वेगळंच सरकारी खातं असतं, वाटरस्खाप म्हणतात. कालवे, बांध, पाण्याची पातळी, पाण्याची स्वच्छता, सगळं त्यांच्याकडे. त्याची निवडणूक वेगळी आणि अर्थातच करही वेगळा. त्या खात्यात कस्तुरी उंदीर पकडणारी एक तुकडी आहे. तुझी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली बहीण, जिला झुरळ दिसलं तरी तुला हाक मारावी लागायची, ती सध्या गमबूट घालून त्या तुकडीत उमेदवारी करते आहे. वर्षभराचा करार आहे.

हसून झालं असेल तर सांगते. हा उंदीर म्हणजे लहानशा सशाएवढा प्राणी. कातडीसाठी कुणीतरी अमेरिकेतून युरोपात आणला आणि तो सुटला. बिळाचं तोंड पाण्याखाली ठेवून बांध आतून पोखरतो. वरून गवत हिरवंगार, आत सगळं पोकळ. आणि इथे जमीन खाली, पाणी वर, त्यामुळे पोकळ बांध कुणालाच परवडत नाही. हेंक नावाचे माझे वरिष्ठ आहेत, निवृत्तीला आलेले. ते दिवसभर काठी टोचत कालव्याच्या काठाने चालतात, मी त्यांच्या मागून. पिंजरे लावतो, काढतो. काढताना मी अजून तोंड फिरवते.

घरातलं वातावरण उत्तम. त्या खात्याच्या कराचं पत्र आलं की शैलेंद्र दर वर्षी म्हणायचे, हे लोक कर घेतात तो कराची पत्रं छापायला. आता म्हणतात, चला, आपले थोडे पैसे तरी घरी परत आले. जुई पंधराची झाली, प्राण्यांवर अन्याय नको म्हणून तिने दूधही सोडलंय. जेवायला बसली की आज किती जीव घेतलेस असं डचमध्ये विचारते, आणि वरण वाढ असं मराठीत सांगते. तिचं मराठी आता वरणापुरतंच उरलंय.

वहिनींना नमस्कार सांग. रागवायचं असेल तर सविस्तर रागव, मला वाचायला मजकूर हवा.

तुझी,
पद्मजा


पुणे
२२ एप्रिल २०१४

चि. सौ. पद्मजास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र जयंतीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, चांगलं झालं, बाई घराबाहेर पडली. मी म्हणालो, बिळात पडली.

उभा जन्म मी सरकारी खात्यांचं लेखापरीक्षण करण्यात घालवला. वनं तपासली, पाटबंधारे तपासले, प्रदूषणवाले तपासले. एका कचेरीने फायलींना उंदीर लागतात म्हणून लाकडी पिंजरे घेतले होते. पिंजऱ्यांना वाळवी लागली, तर पुढच्या वर्षी वाळवीच्या औषधाची मागणी आली. उंदरांचं काय झालं असं मी विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले की तो विषय आता मागे पडला. तेव्हा तुझ्या खात्याविषयी मला कुतूहल नाही, ओळख आहे.

माझा आक्षेप साधा आहे. बांध फुटला तर तुम्ही म्हणणार, माणसं कमी पडली. नाही फुटला तर म्हणणार, आमच्यामुळे नाही फुटला. दोन्ही बाजूंनी पगार चालू. अशी नोकरी मला मिळाली असती तर मी निवृत्तच झालो नसतो. तुम्ही नसता तर खरोखर काय झालं असतं, हे कुणी पाहिलंय? पाहिलं नसेल तर आमच्या भाषेत त्याला निष्फळ खर्च म्हणतात.

शैलेंद्ररावांना सांग, त्यांच्या मताशी मी सहमत आहे. जुईला सांग, तिच्याही मताशी सहमत आहे. तुझ्या बाजूने एक कस्तुरी उंदीरही उभा राहणार नाही, आणि त्याचं कारण मी समजू शकतो.

एक मात्र मनापासून विचारतो. घरात काही कमी नसताना हे चिखलातलं काम कशाला? जयंती मेतकूट आणि लोकरीचे मोजे पाठवते आहे. गमबुटात पाय ओले राहिले तर बोटांत चिखल्या होतात, हे विनाशुल्क तपासणीत आढळलं आहे.

लोभ आहेच, त्यावर आक्षेप नाही.

श्रीनिवास


उइटहॉर्न
१६ नोव्हेंबर २०१४

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

मोजे पोचले, मेतकूट संपलं. आता तुला आवडेल अशी बातमी.

आमच्या खात्याच्या निवडून आलेल्या मंडळाला तुझ्यासारखेच प्रश्न पडले. उंदीर पकडण्यावर एवढा खर्च करायचा का, हे ठरवायला गेल्या आठवड्यात जाहीर बैठक झाली. कोणीही नागरिक नाव देऊन बोलू शकतो. एका नागरिकाने नाव दिलं, त्याचं आडनाव आणि माझं आडनाव एकच निघालं. मला बैठकीच्या आदल्या दिवशी कळलं. शैलेंद्र म्हणाले की हे तुझ्याविरुद्ध नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. त्यांनी स्लाइड्स केल्या होत्या. रंगीत होत्या.

हेंकना सभेत बोलायचं म्हणजे दातदुखी, म्हणून तुकडीच्या वतीने मला उभं केलं. म्हणजे आधी माझा नवरा बोलला, मग मी. माझ्या डचमध्ये सदाशिव पेठ ऐकू येते, तरी लोक शांत बसले होते. मी बांधांविषयी बोलले. मग मंडळावरच्या एका बाईंनी विचारलं की इतक्या वर्षांच्या खर्चातून नेमकं मिळालं काय. मी म्हणाले, "काहीही झालं नाही. तेच मिळालं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकले. परवा सभेचा वृत्तांत आला. त्यात लिहिलंय, खर्चातून काहीही मिळालं नसल्याचे संबंधित कर्मचाऱ्याने मान्य केले.

निर्णय असा: आमच्या घरामागचा कालव्याचा एक पट्टा प्रयोगासाठी सोडायचा. तिथे उंदीर पकडायचे नाहीत आणि काय होतं ते बघायचं. तुकडी लहान करायची. सर्वांत नवी कोण, हे शोधायला त्यांना वेळ लागला नाही. माझा करार मार्चनंतर पुढे जाणार नाही.

शैलेंद्रना आता वाईट वाटतंय. रोज सकाळी पोहे करतात. मी खाते आणि गमबूट चढवून निघते. पोहे मात्र बरे जमायला लागलेत.

तू विचारलं होतंस, हे काम कशाला. मी तेव्हा उत्तर टाळलं. इथे आले ती शैलेंद्रच्या व्हिसावर. मग जुईची आई झाले. डॉक्टरांकडे, शाळेत, नगरपालिकेत, सगळीकडे मी कुणाची तरी कोण म्हणून ओळखली गेले. या उन्हाळ्यात एक शेतकरी काठावरून ट्रॅक्टर नेत होता. मी हात वर करून सांगितलं की पुढे नेऊ नका, इथे आत पोकळ आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि ट्रॅक्टर मागे घेतला. बस, एवढंच झालं. घरी येऊन मी खूप वेळ गमबूट काढलेच नाहीत.

याचा हिशेब तुझ्या कुठल्या रकान्यात बसतो ते कळव.

तुझी,
पद्मजा


पुणे
८ डिसेंबर २०१४

चि. सौ. पद्मजास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र या वेळी जयंतीला वाचून दाखवलं नाही, तिच्या हातात दिलं. तिने वाचलं आणि मला विचारलं की बहिणीला असं पत्र लिहायची वेळ आणण्यासाठी सरकारने मला निवृत्तिवेतन द्यावं का. हा आक्षेप प्रलंबित आहे.

खर्च कमी करण्याचा निर्णय तत्त्वतः योग्य आहे. तुला कमी करण्याचा निर्णय मूर्खपणाचा आहे. या दोन वाक्यांत विसंगती आहे हे मला दिसतं. दाखवून देण्याची तसदी घेऊ नये.

मे महिन्यात येतो आहे. जयंतीला तिच्या आईला सोडून निघता येत नाही, तेव्हा एकटाच. शैलेंद्ररावांना सांग, पोहे मीही खाईन. तो प्रयोगाचा पट्टा मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आहे. काहीही न करण्यावर सरकार देखरेख कशी करतं, हे बघायचं राहून गेलं आहे.

तब्येतीला जप. माझ्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, आजवर दिलं नाहीस तसंच.

श्रीनिवास


उइटहॉर्न
९ जून २०१५

ती. स्व. सौ. जयंतीवहिनींस,
पद्मजाचा सा. न. वि. वि.

दादाने फोनवर तुम्हाला जरा पाय घसरला असं सांगितलं. मी शेजारी उभी होते आणि त्याने डोळे वटारले, म्हणून गप्प बसले. आता तो सोफ्यावर झोपलाय, तेव्हा खरं लिहिते. घाबरू नका. उजव्या पायाचं हाड घोट्याच्या वर मोडलंय, प्लास्टर घातलंय, जीव आणि जीभ दोन्ही शाबूत आहेत.

झालं असं. आल्यापासून त्याचा त्या पट्ट्यावर डोळा होता. मी बजावलं होतं की काठाने चालू नकोस, रस्त्यावरून बघ. तो म्हणाला, गवत इतकं छान आहे, तुमच्या उंदरांना बागकामाचं बक्षीस द्यायला हवं. रविवारी सकाळी मी आंघोळीला गेले तेव्हा हा जुईला घेऊन बाहेर पडला. जुईला हवंच होतं. उंदीर न मारता सगळं कसं छान चाललंय, ते तिला मामाला दाखवायचं होतं.

काठावर उभं राहून तो तिला निष्फळ खर्च म्हणजे काय ते समजावत होता. तेवढ्यात पायाखालची माती बसली. पाय मांडीपर्यंत आत गेला, मग कडाच सुटली आणि दादा छातीपर्यंत पाण्यात. पाय मात्र वरच्या चिखलात अडकलेला. जुई धावत पुढे गेली नाही. गवतावर पालथी पडली, सरपटत गेली आणि त्याची दोन्ही मनगटं धरली. काठ खचत असेल तर उभं राहायचं नाही, हे मी कधीतरी जेवताना बोलले असेन. ती ऐकत असेल असं मला वाटलंही नव्हतं. ती ओरडत राहिली. पलीकडच्या शेतातला माणूस शिडी घेऊन आला. तोवर तिने हात सोडले नाहीत. दादाच्या मनगटांवर तिच्या बोटांचे वळ आहेत, विचारलंत तर तो लपवेल.

शैलेंद्र दवाखान्यात चार तास त्याच्या उशाशी बसून होते. स्लाइड्सचा विषय त्यांनी काढला नाही, दादानेही नाही. दोघे मिळून क्रिकेटवर बोलत होते, आणि दोघांनाही क्रिकेटमधलं काही कळत नाही.

संध्याकाळी जुई माझ्या खोलीत आली. मला वाटलं, आता रडेल. पण ती दाराशीच उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "आई, कुठे पोकळ आहे ते तुला कसं कळतं?"

मी तिला सांगितलं. गवताचा रंग, पाण्यातली गढूळ रेघ, काठी टोचल्यावर हाताला लागणारं. शेवटी ती म्हणाली की तरीही चूक उंदरांची नाही. मी म्हणाले, नाहीच.

तुम्ही येऊ नका, त्याला मी आणते. फोनवर आवाज खणखणीत ठेवा, तुमचा काळजीचा सूर ऐकला की तो आणखी विनोद करतो आणि आम्हाला ते सोसावे लागतात.

माया अशीच राहू द्या.

तुमची,
पद्मजा


पुणे
३० ऑगस्ट २०१५

चि. सौ. पद्मजास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

प्लास्टर निघालं. पाय पूर्वीपेक्षा बारीक झालाय आणि स्वभाव तसाच आहे, असं जयंतीचं निरीक्षण.

तुझ्या घरी असताना जुईकडून डचमध्ये करवून घेऊन मी तुमच्या मंडळाला एक तक्रार पाठवली होती. तुला सांगितलं नाही, कारण तू भाषा सौम्य केली असतीस. कर घेता, बांध पोखरू देता, आणि पाहुणा पाण्यात गेला तर जबाबदार कोण, अशा आशयाची. तिचं उत्तर इथे आलं. मी फोनवर एकेक अक्षर वाचलं, जुईने अर्थ सांगितला. त्यांना माझ्या दुखापतीबद्दल खेद आहे. माझं पडणं त्यांच्या अभ्यासात एक घटना म्हणून समाविष्ट करण्यात आलं आहे. आणि प्रयोगातील सहभागाबद्दल त्यांनी माझे आभार मानले आहेत.

माझ्या नोकरीत मी हजारो आक्षेप घेतले. इतक्या लवकर, इतक्या नम्रपणे आणि इतक्या निर्विकारपणे मला कुणीही उत्तर दिलं नव्हतं. मी ते चष्मा लावून दोनदा पाहिलं. भाषा कळत नसतानाही त्यात एक खातं स्पष्ट दिसत होतं.

त्याच फोनवर जुईने सांगितलं की त्या पट्ट्याची पाहणी करायला त्यांनी तुला परत बोलावलंय. पकडायचं नाही, फक्त चालायचं आणि कुठे पोकळ आहे ते सांगायचं. पहिल्या दिवशी शैलेंद्ररावांनी काठापर्यंत सोबत केली म्हणे, आणि तू दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे होते. हे तू मला लिहिलं नाहीस. मुलीकडून कळलं, मराठीत.

आता तू मला विचारशील की माझं मत बदललं का. नाही. एका म्हाताऱ्याच्या पायावरून धोरण ठरवू नये. तसं ठरवलं तर उद्या केळीच्या सालींचं खातं काढावं लागेल. मी पडलो यावरून मी काठाने चाललो एवढंच सिद्ध होतं. पण पाण्यात असताना एक गोष्ट मनात आली ती लिहितो. आयुष्यभर मी लोकांच्या कामाची किंमत विचारत फिरलो. माझ्या कामाची किंमत माझ्या पगाराइतकी तरी आहे का, हे मला कुणीही विचारलं नाही, आणि कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुझ्याकडे ते होतं. भर सभेत, परक्या भाषेत, नवऱ्यासमोर तू ते दिलंस. त्यांनी ते चुकीचं लिहून घेतलं, हा लिहिणाऱ्याचा दोष.

तेव्हा अंतिम अहवाल असा. तुमच्या खात्यावरचा खर्च अनाठायी आहे, असं माझं ठाम मत आहे. तो चालू ठेवावा.

पाय कोरडे ठेव.

श्रीनिवास