आर्वोची कागदावरची वर्षं

डुलुथ,
मंगळवार, जेवणाच्या सुट्टीत

तीर्थस्वरूप लेम्पीमावशीस,

ग्लेनचा नमस्कार. (एक नमस्कार आज रोख, उरलेले चार पुढच्या चार वर्षांत, दर मार्चला एक. असं का, ते पुढे कळेलच. सध्या माझ्या हातून काहीच सरळ लिहून होत नाही.) तुझी कंबर कशी आहे? दारातला बर्फ अजून तू स्वतःच उपसतेस असं तुझा लेक आर्वो सांगत होता. या वयात असं करू नये, असं मी म्हणणार होतो. पण मागच्या हिवाळ्यात हेच म्हणणाऱ्या पाद्रीबाबांच्या हातात तू दुसरं फावडं दिलंस, हे ठाऊक असल्यामुळे म्हणत नाही. इकडे मार्सी ठीक आहे. मी ठीक नाही, पण मार्च महिन्यात मी कधीच ठीक नसतो.

तुझं पत्र परवा मिळालं. बोलिंगचा हॉल विकायला काढलास, शनिवारी सह्या आहेत, तो बर्फावरच्या स्नोमोबाइल विकणारा आतल्या सहाही लेन उखडून तिथे गाड्या लावणार आहे, आणि तू बाडबिस्तरा घेऊन कायमची डुलुथला आर्वोच्या गॅरेजवरच्या खोलीत राहायला येणार आहेस, हे सगळं वाचलं. ‘आर्वोला सांगू नकोस, मी अचानक दारात उभी राहणार आहे,’ हेही वाचलं. सोबत तुमच्या टॅमरॅक गावच्या साप्ताहिकाचं गेल्या वसंतातलं कात्रण होतं, ‘आपला आर्वो आणखी पाच वर्षं मैदानात’, आणि त्याखाली लाल पेनाने दोन रेघा. मावशी, मला त्या पाच वर्षांबद्दल बोलायचंय. फोनच केला असता, पण फोनवर तू माझं दुसरं वाक्य कधी पुरं होऊ देत नाहीस आणि हे प्रकरण दोन वाक्यांत मावणारं नाही. तेव्हा जरा धीर धर आणि आधी माझा आठवडा कसा गेला ते ऐक.

माझं काम नेमकं काय, असं तू दर ख्रिसमसला विचारतेस आणि मी दर ख्रिसमसला आणखी थोडं हॅम वाढून घेतो. आता सांगतो. आपल्या अमेरिकन फुटबॉलच्या प्रत्येक क्लबने खेळाडूंवर वर्षाला किती खर्च दाखवायचा, याला लीगने एक मर्यादा घातली आहे. ‘दाखवायचा’ या शब्दावर माझं पोट चालतं. बुधवारी दुपारी चार वाजता नवं वर्ष सुरू होतं आणि त्याआधी मर्यादेच्या आत यावं लागतं. आमचे साहेब (बकी स्ट्राउड, टेक्ससचे, दातात काडी, पायात बूट आणि डोक्यात दरवर्षी एक नवा महागडा खेळाडू) जानेवारीपर्यंत खरेदी करतात आणि मार्चमध्ये माझ्याकडे बघतात. मग मी खेळाडूंना एकेक करून बोलावतो. तुझा यंदाचा पगार आम्ही पगार म्हणून देत नाही, बोनस म्हणून आजच हातात ठेवतो, एवढंच त्यांना सांगायचं. त्याला पैसे मिळतात आणि वहीत तो बोनस पाच वर्षांवर पसरतो, म्हणजे यंदा पाचवा हिस्साच दिसतो. आता एखाद्याच्या करारात पाच वर्षं उरलेलीच नसतील तर? तर मी जोडतो. त्या वर्षांत तो खेळणार नाही, हे त्याला माहीत असतं, मला माहीत असतं, लीगलाही माहीत असतं. ती फक्त खर्च टांगायच्या खुंट्या असतात. आमच्या कागदांवर विश्वास ठेवला तर आमचा किक मारणारा वयाच्या पन्नाशीतही किक मारत असेल.

तर गेला आठवडा. सोमवारी चेंडू फेकणारा आमचा क्वार्टरबॅक आला. त्याच्या कराराची ही चौथी मोडजोड. तो इतका सरावलाय की येताना माझ्यासाठी पेन आणि डोनट घेऊन आला. मंगळवारी एक नवखा आला, बोनसचा आकडा पाहून त्याला रडू कोसळलं, मला मिठी मारून ‘तुम्ही देवमाणूस आहात’ म्हणाला. हा तुझाच पगार आहे रे बाबा, नुसता लवकर दिलाय, असं मी त्याच्या काखेतून सांगत होतो, पण त्याला ऐकू गेलं नसावं, कारण संध्याकाळी त्याने नवा ट्रक घेतला. गुरुवारी मी नळाचा वॉशर आणायला दुकानात गेलो तर काउंटरवर आमच्या बचावफळीतला जुना लाइनबॅकर उभा. त्याने दोन वर्षांपूर्वीच खेळणं सोडलं, आता गरम पाण्याचे टब विकतो, पण आमच्या वहीत त्याचा उरलेला हिशेब यंदाही एका अख्ख्या खेळाडूची जागा अडवून बसलाय. अशा खर्चाला आमच्यात मेलेला पैसा म्हणतात. तो मात्र चांगला जिवंत, गालांवर लाली, मला टबावर दहा टक्के सूट देत होता. मला त्याचा इतका राग आला की मी वॉशर न घेताच परतलो.

हे दुखणं आता घरापर्यंत पोचलंय. आमचं स्वयंपाकघराचं छप्पर गळतं. कंत्राटदाराने आकडा सांगितल्यावर मी मार्सीला म्हटलं, यंदा पाचवा हिस्सा छप्पर करू, उरलेलं पुढच्या चार वर्षांत. ती म्हणाली, “ग्लेन, पाणी याच वर्षी गळतंय.” एवढं बोलून तिने ओट्यावरचं पातेलं उचललं, सिंकमध्ये रिकामं केलं आणि परत जागेवर ठेवलं. (तिने माझ्या खात्यात काम करावं असं मला पुष्कळदा वाटतं. पण मग क्लबला एकही खेळाडू विकत घेता येणार नाही.)

आणि आता आर्वो. बारा वर्षं तो आमच्या फळीत डावीकडे उभा आहे. समोरचे राक्षस क्वार्टरबॅकच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून ते आपल्या अंगावर घ्यायचे, हे त्याचं काम. इतक्या वर्षांत चेंडूला हात लावलेला नाही आणि त्याबद्दल कधी हूं की चूं केलं नाही. गेल्या वसंतात त्याच्या कराराची दोन वर्षं उरली होती. क्लबला मर्यादेच्या आत जागा हवी होती. मी तीन जोडली. दोन आणि तीन पाच, हेच तुमच्या साप्ताहिकाने छापलं, आणि गणित म्हणून ते बरोबरच आहे. इथल्या कुणालाही ते वाचून हसू आलं असतं. टॅमरॅकमध्ये कुणाला आलं नाही, कारण तिथे माणसं करार वाचतात तेव्हा त्यातली वर्षं खरी धरतात.

गेल्या शुक्रवारी सगळ्यांची मोडजोड झाली, तरी थोडं कमी पडत होतं. यादीत एकच नाव उरलं होतं. मी साहेबांना म्हटलं, आर्वोचा करार आणखी एकदा पसरू, यंदा तो खेळेल, पुढचं पुढे पाहू. असं कुणासाठी मी यापूर्वी भांडलो नव्हतो. आवाज चढला, हातातला कॅल्क्युलेटर खाली पडला. साहेबांनी दातातली काडी काढली (हे वर्षातून एकदाच घडतं) आणि शांतपणे विचारलं, “कागदाला वर्षं तू जोडशील, ग्लेन. त्याच्या गुडघ्याला कोण जोडणार?”

मी वाकून कॅल्क्युलेटर उचलला. वाईट याचंच वाटतं की त्यांचं बरोबर होतं. उद्या सकाळी आर्वोला बोलावलंय. चार वाजेपर्यंत बाहेर कुणाला सांगायचं नाही, असा नियम आहे, म्हणून हे पत्र मी लिहून ठेवतोय आणि उद्या चारनंतर कुरिअरने टाकणार आहे, म्हणजे गुरुवारी तुझ्या हातात पडेल. आर्वोपासून तुझं गुपित लपवायचं आणि तुझ्यापासून त्याचं. काल तो जिन्यात भेटला, पाठीवर थाप मारून आईची तब्येत कशी आहे विचारू लागला. त्याची आई, आणि विचारतो मला. मी म्हटलं मजेत आहे, आणि दोन जिने धावत उतरलो.

असो. काळजी घे. पेस्टीतल्या मांसाच्या सारणात मिरी जरा कमी घाल, डॉक्टरांनी सांगितलंय.

तुझ्या बहिणीचा मुलगा,
ग्लेन

ता. क. वर एवढं लिहूनही सांगायचं ते राहिलंच. मावशी, शनिवारी सही करू नकोस. ती पाच वर्षं पाच नव्हती. दोनच होती, आणि त्यातलं दुसरं उद्या दुपारी क्लब काढून घेणार आहे, म्हणजे त्याला संघातून मोकळं करणार आहे. आर्वो डुलुथमध्ये राहील की दुसरा एखादा क्लब त्याला देशाच्या दुसऱ्या टोकाला नेईल, हे मला माहीत नाही. तू हॉल विकून येशील आणि गॅरेजवर एकटीच बसून राहशील. पैशांची चिंता मुळीच नाही. त्याचे सगळे पैसे मी त्याला आधीच दिलेत, हीच तर भानगड आहे.

ता. क. (बुधवार, सव्वाचार.) झालं. खेळाच्या आराखड्यांचा टॅब्लेट परत घेऊन ये, असा निरोप गेला की काय ते सगळ्यांनाच कळतं. आर्वो तो घरून स्वच्छ पुसून घेऊन आला. साहेबांशी हात मिळवला आणि मग माझ्या खोलीत येऊन बसला. खुर्ची करकरली. माझी वर्षं ताणण्यातून तू सुटलास रे एकदाचा, असं तो मलाच म्हणाला. दोन क्लबांचे फोन आले होते म्हणे, त्याने नाही म्हणून सांगितलं. सकाळी जिना उतरायला त्याला कठड्याला धरून आडवं चालावं लागतं, हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मग म्हणाला, आता घरी जातो. मला वाटलं गॅरेजवाल्या घरी. तो टॅमरॅकबद्दल बोलत होता. सकाळी तू कॉफी ठेवशील, तो लेनना तेल लावेल, गुरुवारी गिरणीवाल्यांची स्पर्धा असते तेव्हा बूट द्यायच्या खिडकीत बसेल. हे सगळं त्याने गेल्या हिवाळ्यातच ठरवून टाकलं होतं. तेव्हा मी तुझा शब्द मोडला आणि हॉलचं सांगितलं. मला माफ कर. एवढा दाराएवढा माणूस, मावशी, आणि इतक्या हळू आवाजात म्हणाला, “ती विकतेय? मग मी कुठे जाऊ?”

ता. क. कुरिअरवाला खाली उभा आहे. आर्वो इथेच बसलाय आणि लिही म्हणतोय. त्याला हॉलमध्ये नोकरी हवी आहे. पगार तू देशील तो, नाही दिलास तरी चालेल, बोनस नको. फक्त किती वर्षांसाठी ठेवणार, ते कागदावर लिहून दे म्हणतो. एक लिहिलंस तरी चालेल, पण खरं लिही.