उलटायचा नाही तो मासा

३ मार्च १९८६, सोमवार

ती आली! स्वतः! सित मुंग-लिन — आमच्या डबिंगच्या खोलीत, जिथे पंखासुद्धा धड फिरत नाही.

अकरा सिनेमे मी तिला आवाज दिला. पडद्यावर ओठ तिचे, बोलणं माझं. गाणी तेवढी तिची. अकरा सिनेमांत एकदाही समोर आली नव्हती. "बाईंना गाण्यातून सवड कुठाय" असं मालक सांगायचे. तेही खरंच म्हणा. लागोपाठ वीस दिवस स्टेडियम भरवते ती, तिकिटासाठी पोरं फुटपाथवर मुक्काम ठोकतात.

माझ्यासमोर वाकली, नुसती हसली. अक्षर बोलली नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली ती काम संपेपर्यंत.

४ मार्च

शिंपीबुवांना सांगितलं. नवरा कसला, दगड आहे. "ब्लाउज कोणी शिवलेला होता तिचा?" — एवढंच विचारलं!

६ मार्च

या सिनेमात ती होडीवाली झालीय. खाडीत माणसांची ने-आण करणारी विधवा. दिग्दर्शक मुक साहेब म्हणाले, "सो-हा ताई, जरा त्या होडीवाल्यांसारखं बोला. लोक हसले पाहिजेत." डबिंगची पोरं आधीच खिदळायला लागली.

वाक्य साधंच — "चला, ह्योंगगोंगला कोण येतंय?" म्हणजे आपलं हाँगकाँग. होडीवाल्यांच्या तोंडात 'ह्यों' बसत नाही, 'हों' होतं. मी ते एक अक्षर तसं सोडलं आणि पुढचं सगळं बोलणं आपसूक त्या हेलावर गेलं. थांबवता येईना!

मुक साहेब टाळ्या पिटत म्हणाले, "काय नक्कल करता हो!"

नक्कल!

मागे बघितलं तर ती — आजही येऊन बसलेली — स्टुलावरून उठून उभी होती. माझ्याकडे टक लावून.

७ मार्च

आज काही लिहायचं नाही.

८ मार्च

लिहितेच. आजवर या वहीलाही सांगितलेलं नाही. माझा जन्म होडीतला. इथल्याच अॅबरडीनच्या खाडीतला. चौदाव्या वर्षी जमिनीवर कामाला आले. "मासळीचा वास येतो हिच्या बोलण्याला" असं मुकादमीण म्हणाली, तेव्हापासून दातांत पेन्सिल धरून 'ह्यों, ह्यों' घोकलं. दोन वर्षं. मग असं शुद्ध बोलायला लागले की त्यावरच पोट भरलं. नवऱ्याला सांगितलंय, बाबांचं किराणा दुकान होतं. तो स्वतः शांघायचा, अजून शांघायच्याच हेलात बोलतो, लोक हसले तर हसू देतो. मला नाही जमलं ते.

११ मार्च

मुंग-लिनने जेवायला नेलं! हॉटेलच्या मागच्या खोलीत दोघीच. वाफवलेला अख्खा मासा आला. वरची बाजू संपली. मी थांबले. तीही थांबली. मग दोघींच्या जेवायच्या काड्या एकदमच पुढे — मधला काटा अलगद उचलून बाजूला, आणि मासा जागच्या जागी.

मासा उलटला की होडी उलटते. आईने हातावर फटके देऊन शिकवलेलं.

"ताई, कुठल्या धक्क्याच्या तुम्ही?" ती म्हणाली.

देवा! तिचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं. रेकॉर्डवरचा तो रेशमी आवाज, आणि भाषा? थेट माझ्या आईची.

"पण मासिकात तर येतं, वडील जहाजवाले म्हणून?"

"खोटं काय त्यात? एक जहाज होतं. बारा हात लांब. आम्ही नऊ जण राहायचो!"

हसून हसून ठसका लागला दोघींना. म्हणून मुलाखतीत बोलत नाही ती. काही विचारलं की दोन ओळी गाते, लोक म्हणतात किती शालीन! गाणंही एकेक अक्षर घोटून बसवते — दातांत पेन्सिल धरून. तीसुद्धा पेन्सिल!

मग हळूच म्हणाली, "हा सिनेमा मीच बोलणार, ताई. आपल्यासारखं. ओठांवर वाक्य कसं बसवायचं ते शिकवा. तुमच्या पोटावर पाय येतोय, कळतंय मला. नाही म्हणालात तरी राग नाही."

मी हो म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

१४ मार्च

मालकांचा थयथयाट. "दहा वर्षं तुला राणी म्हणून विकली, आता राणीच्या तोंडून मासळीबाजार? रेकॉर्ड कोण घेईल तुझी? स्टेडियम ओस पडेल!"

ती शांतपणे म्हणाली, "पडू दे. वल्हं मारता येतं मला." आणि तेही आमच्या हेलात! मी दाराआड उभी होते.

२० मार्च

पहिलं वाक्य सोळा वेळा चुकलं तिचं. सतराव्यांदा बसलं. काचेपलीकडून बघत होते — घामाने निथळलेली, डोळे मिटलेले, पायात चपला नाहीत. होडीत कोण चपला घालतं! अकरा सिनेमे मी त्या ओठांवर माझं बोलणं चिकटवत होते. आज ते ओठ जिवंत झाले. अशी बाई मी जन्मात पाहिली नाही.

२६ एप्रिल, शनिवार

अॅबरडीनच्या थिएटरात दुपारचा खेळ. एकटीच गेले.

"चला, होंगगोंगला कोण येतंय?" — पहिलंच वाक्य. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. आणखी दोघं हसले. संपलं, म्हटलं, बुडाली पोर!

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी उभीच राहिली. "अगं बाई! ही तर आपली गं! आपल्यासारखी बोलतेय!" शेजारणीला गदागदा हलवत होती. मग कोणी हसलं नाही. शेवटी ती एकटी वल्हं मारत जाते तिथे अख्खं थिएटर हुंदके देत होतं, मघाशी हसणारेसुद्धा.

केवढी छाती या मुलीची! तिच्याकडे घालवायला अख्खं राज्य होतं. माझ्याकडे काय होतं? एक शिंपी!

२७ एप्रिल

रात्री जेवताना शिंपीबुवांनी मासा उलटायला काड्या घातल्या. मी हात धरला. म्हटलं, "उलटू नका. होडी उलटते."

काड्या खाली ठेवून म्हणाला, "बोललीस एकदाची! बावीस वर्षं झोपेत 'होंगगोंग'च म्हणतेस तू."